जागा हेरणारा हाम्शिक

१५ जून २०१६. फ्रान्समधल्या लील शहरात युरो स्पर्धेतला स्लोव्हाकिया-रशिया सामना रंगला होता आणि मध्यंतर तोंडावर आलं होतं. स्लोव्हाकिया एका गोलने पुढे होता. गोल व्लादिमिर वाइसचा, पण त्याआधीचा लांबून अचूक टाकलेला पास मारेक हाम्शिकचा. आता डावीकडून कॉर्नर मिळाला. गोलसमोरच्या घोळक्यात चेंडू उंच टाकायचं सोडून वाइसने तो जवळच उभ्या असलेल्या हाम्शिककडे सरकवला. हाम्शिक मैदानाच्या डाव्या कडेजवळ, म्हणजे गोल दिसायलाच अवघड अशा तिरक्या कोनात उभा. समोर रशियाचे खेळाडू. त्याने एक हूल दिली, चेंडू उजव्या पायावर घेतला आणि जागा मिळताच फटका मारला. चेंडू हवेत वळत गेला, पलीकडच्या खांबाच्या आतल्या अंगावर आदळला आणि जाळ्यात शिरला. सामना २-१ असा सुटला. स्वतंत्र देश म्हणून स्लोव्हाकियाची ही पहिलीच युरो स्पर्धा, आणि तिथला हा त्यांचा पहिला विजय.

हाम्शिकचं नाव निघालं की हा गोल हमखास दाखवला जातो. गोल देखणा आहे यात शंका नाही. पण त्याचं खरं कसब समजून घ्यायचं, तर त्याचे कमी देखणे गोल पाहायला हवेत. त्यांत तो बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या चौकटीतही नसतो. चेंडू कुठेतरी डाव्या बाजूला असतो, बचावपटूंचे डोळे चेंडूवर आणि समोरच्या आघाडीवीरावर खिळलेले असतात, आणि एवढ्यात मागून कुणीतरी धावत येतं आणि पहिल्याच स्पर्शात गोल करून जातं. तो कुणीतरी म्हणजे हाम्शिक. नापोलीसाठी त्याने केलेल्या १२१ गोलांपैकी कितीतरी असेच आहेत.

मागून येऊन गोल करणं दिसायला सोपं आणि करायला फार कठीण. आघाडीवीर बचावपटूंच्या संगतीतच नव्वद मिनिटं काढतो. त्याच्यावर पहारा बसलेलाच असतो. मिडफिल्डर तीसेक मीटर मागून निघतो, म्हणून त्याच्यावर नेमकी कुणी नजर ठेवायची याचा घोळ होतो. प्रतिस्पर्ध्याच्या मिडफिल्डरला वाटतं, पुढचे बघतील. बचावपटूंना वाटतं, मागचा त्याच्याबरोबर येत असेल. हा घोळ एखाददुसरा सेकंदच टिकतो. धाव लवकर काढली तर तुम्ही पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन नुसते उभे राहता, आणि उभ्या माणसाला अडवणं सोपं. उशीर केला तर चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे पास देणाऱ्याच्या पायाला चेंडू लागण्याच्या किंचित आधी निघायचं, आणि तो पास कुठे पडणार हे त्याच्या अंगाच्या ठेवणीवरून ओळखायचं. क्रिकेटमध्ये चोरटी धाव घेणारा जसा गोलंदाजाच्या हातावर आणि क्षेत्ररक्षकाच्या पायांवर एकाच वेळी नजर ठेवून असतो, तसंच काहीसं. हाम्शिक फार वेगवान नव्हता. एकामागून एक खेळाडूंना चकवत सुटणारा कलाकारही नव्हता. पण मैदानावर कुठे जागा मोकळी होणार आहे, हे तो इतरांच्या आधी हेरायचा. दोन्ही पायांनी जवळजवळ सारख्याच सफाईने फटका मारता येत असल्यामुळे तिथे पोचल्यावर चेंडू सावरण्यात त्याचा वेळ जायचा नाही.

मारेक हाम्शिकचा जन्म २७ जुलै १९८७ चा, बान्स्का बिस्त्रित्सा या मध्य स्लोव्हाकियातल्या डोंगरांनी वेढलेल्या शहरातला. तेव्हा देशाचं नाव चेकोस्लोव्हाकिया होतं. तो साडेपाच वर्षांचा असताना, १ जानेवारी १९९३ ला, देशाचे दोन झाले. फुटबॉलच्या दृष्टीने स्लोव्हाकांच्या पदरी या वाटणीत काय आलं, हे पाहण्यासारखं आहे. १९६९ मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या स्लोव्हान क्लबने बासेलला बार्सिलोनाला ३-२ हरवून युरोपियन कप विनर्स कप जिंकला होता. १९७६ मध्ये चेकोस्लोव्हाकिया युरोपचा विजेता झाला तेव्हा कर्णधार अँटोन ओन्द्रुश स्लोव्हाक होता, आणि अंतिम सामन्यात उतरलेले बहुसंख्य खेळाडूही स्लोव्हाकच. लोकांना मात्र त्या विजयातली पानेन्काची पेनल्टी तेवढी आठवते, आणि पानेन्का होता चेक. फाळणीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत चेक संघ युरो स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. स्लोव्हाकिया मात्र मोठ्या स्पर्धेच्या दारातही उभा राहू शकत नव्हता. सुमारे ५४ लाख लोकवस्तीचा हा देश. तिथल्या क्लबांकडे पैसा बेताचाच. चांगला पोरगा दिसला की तो पंचविशीपर्यंत देशात राहील ही आशा कुणीच धरत नसे.

हाम्शिक तर सतराव्या वर्षीच गेला. गावातल्या पोद्लाव्हित्से भागातला युपिए हा लहान मुलांचा क्लब, तिथून ब्रातिस्लाव्हाचा स्लोव्हान. पण २००४ मध्ये हा नामवंत क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्याच्या वरिष्ठ संघाकडून हाम्शिक जेमतेम सहा सामने खेळला असेल नसेल, तोच उत्तर इटलीतल्या ब्रेशिया क्लबने त्याला उचललं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ब्रेशियाकडून खेळून रोबेर्तो बाज्जोने निवृत्ती घेतली होती. पेप ग्वार्दिओला तिथे खेळून गेला होता. पुढे सरकून खेळणाऱ्या आंद्रेआ पिर्लोला मागे आणून तिथून खेळ चालवायला लावण्याचा प्रयोगही आधी ब्रेशियातच झाला होता. मिडफिल्डरने शिकायला जावं अशी जागा होती ती. मार्च २००५ मध्ये, सतराव्या वर्षी, हाम्शिक सेरी आ या इटलीच्या अव्वल साखळीत पहिल्यांदा मैदानात उतरला. मोसम संपताना ब्रेशियाच खाली घसरला. माझ्या मते ही त्याच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट झाली. पुढची दोन वर्षं सेरी बी या दुसऱ्या श्रेणीच्या धसमुसळ्या, दमछाक करणाऱ्या सामन्यांत त्याला नियमित खेळायला मिळालं. २००६-०७ च्या मोसमात त्याने साखळीत १० गोल केले. एकोणीस वर्षांच्या मिडफिल्डरसाठी हा आकडा मोठा होता.

आणि मग नापोली. २००७ च्या जूनमध्ये साधारण ५५ लाख युरो मोजून त्यांनी त्याला घेतलं. नापोली हा क्लब त्या वेळी कुठल्या अवस्थेत होता, हे लक्षात घेतलं तरच पुढच्या बारा वर्षांचं मोल कळतं. डिएगो मॅराडोनाने १९८७ आणि १९९० मध्ये या शहराला दोनदा विजेतेपद मिळवून दिलं. गरीब, हिणवल्या जाणाऱ्या दक्षिणेने श्रीमंत उत्तरेला नमवलं, अशी ती भावना होती. पण मॅराडोना गेला आणि उतरती कळा लागली. २००४ मध्ये क्लबचं दिवाळं वाजलं. चित्रपट निर्माते आउरेलिओ दे लाउरेन्तिस यांनी तो विकत घेऊन तिसऱ्या श्रेणीपासून पुन्हा उभा केला, आणि २००७ मध्ये नापोली सेरी आ मध्ये परतला. त्याच उन्हाळ्यात दोन तरुण परदेशी आले: अर्जेंटिनाचा एझेकिएल लावेत्सी आणि शेंडीसारखे उभे केस राखणारा हा स्लोव्हाक. १६ सप्टेंबर २००७ ला साम्प्दोरियाविरुद्ध हाम्शिकने सेरी आ मधला आपला पहिला गोल केला. मोसम संपेपर्यंत त्याचे साखळीत ९ गोल झाले होते, आणि त्यांतला मिलानविरुद्धचा, अर्ध्या मैदानाजवळून चेंडू घेऊन एकट्याने धावत जाऊन केलेला गोल नेपल्सच्या लोकांच्या तोंडी झाला होता.

यापुढची त्याची कारकीर्द त्याच्या प्रशिक्षकांच्या क्रमाने वाचावी, असं मला वाटतं. कारण अवकाश हेरणाऱ्या खेळाडूचं सगळं काही त्याला कुठे उभं केलं जातं यावर अवलंबून असतं. एदोआर्दो रेया यांनी त्याला तिघांच्या मधल्या फळीत डावीकडे ठेवलं. इटालियन लोक या जागेला मेत्साला म्हणतात. हा खेळाडू मधोमधही नसतो आणि कडेलाही नसतो; त्याने दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात खालीवर धावत राहायचं असतं. २००९ च्या ऑक्टोबरात वाल्तेर मात्सारी आले. त्यांनी मागे तीन बचावपटू ठेवले आणि हाम्शिकला आणखी पुढे, आघाडीवीराच्या पाठीमागे सरकवलं. महिना संपता संपता नापोली तुरिनला गेला. युव्हेंटस २-० ने पुढे असताना हाम्शिकने दोन गोल केले, एक येसूस दातोलोने केला आणि सामना ३-२ असा फिरला. युव्हेंटसच्या घरी नापोली वीसहून अधिक वर्षांनी जिंकला होता. पुढच्या वर्षी एदिन्सन कावानी आला. लावेत्सी बचावाची फळी विस्कटायचा, कावानी मधल्या बचावपटूंना आपल्या मागे ओढायचा आणि त्या पडझडीत जी वाट उघडायची तिच्यातून हाम्शिक घुसायचा. या तिघांना इटालियन वर्तमानपत्रांनी ‘तीन टेनर’ म्हणायला सुरुवात केली. मात्सारींचा हा संघ मुख्यतः प्रतिहल्ल्यावर जगणारा होता, आणि प्रतिहल्ल्यात समोर मोकळं मैदान असतं. हाम्शिकला आणखी काय हवं?

२०११ च्या डिसेंबरात स्पेनमध्ये व्हियारेआलला २-० हरवून नापोली चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत पोचला. दुसरा गोल हाम्शिकचा होता. मँचेस्टर सिटीला मागे टाकून ते पुढे गेले होते. पुढे चेल्सीने त्यांना जादा वेळेत बाहेर काढलं, आणि तीच चेल्सी त्या वर्षीची विजेती ठरली. पण त्याच मोसमाच्या शेवटी, २० मे २०१२ ला, रोममध्ये कोप्पा इटालिया या इटलीतल्या चषक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर अख्ख्या साखळीत एकही सामना न हरलेला युव्हेंटस. कावानीने पेनल्टीवर गोल केला. ८३ व्या मिनिटाला प्रतिहल्ल्यात गोरान पांदेव्हने पुढे सोडलेल्या चेंडूवर हाम्शिक धावला आणि २-० झालं. मॅराडोनाच्या काळानंतर, बावीस वर्षांनी, नापोलीला चषक मिळाला होता.

मधल्या काळात देशासाठी त्याने काय केलं, ते आता सांगायला हवं. २००७ च्या फेब्रुवारीत पोलंडविरुद्ध तो स्लोव्हाकियाकडून पहिल्यांदा खेळला. अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर २००९ ला, पुन्हा पोलंडच समोर होता. होजूफ शहर, मैदान बर्फाने पांढरं झालेलं, आणि जिंकलो तर थेट विश्वचषक अशी परिस्थिती. पोलंडच्याच खेळाडूकडून झालेल्या स्वयंगोलवर स्लोव्हाकिया १-० जिंकला. ज्या चेक संघाच्या सावलीत पंधरा वर्षं काढली, तो याच गटात मागे राहिला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकाच्या आधी अनुभवी कर्णधार मिरोस्लाव्ह कारहान जायबंदी झाला आणि प्रशिक्षक व्लादिमिर वाइस यांनी, म्हणजे लीलमध्ये गोल करणाऱ्या वाइसच्या वडिलांनी, कर्णधाराची पट्टी बावीस वर्षांच्या हाम्शिकच्या दंडावर बांधली.

सुरुवात बेताचीच झाली. न्यूझीलंडने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली, पॅराग्वेने हरवलं. तिसरा सामना २४ जूनला जोहान्सबर्गला, इटलीशी. गतविजेता इटली. हाम्शिकसाठी हा सामना जवळजवळ घरचाच होता. इटलीचा कर्णधार फाबिओ कान्नाव्हारो मूळचा नेपल्सचा आणि त्याचा धाकटा भाऊ पाओलो हा नापोलीत हाम्शिकचा कर्णधार. फाबिओ क्वाल्यारेल्ला आणि क्रिस्तिआन माज्जो तर त्याच्याच ड्रेसिंग रूममधले. रोबेर्त व्हिटेकने दोन गोल केले. दुसरा गोल कॉर्नरवरून परतलेला चेंडू हाम्शिकने पुन्हा गोलसमोर टाकल्यावर झालेला. उत्तरार्धात मैदानात आलेल्या कामिल कोपूनेकने आल्या आल्या तिसरा केला. जादा मिनिटांत क्वाल्यारेल्लाने लांबून चेंडू अलगद गोलरक्षकाच्या डोक्यावरून घातला, पण तोवर उशीर झाला होता. स्लोव्हाकिया ३, इटली २. जगज्जेते गटात तळाला राहून घरी गेले. पुढच्या फेरीत नेदरलँड्सने स्लोव्हाकियाला २-१ असं रोखलं. तोच नेदरलँड्स पुढे अंतिम सामना खेळला.

या स्पर्धेत हाम्शिकने स्वतः गोल केला नाही, म्हणून त्याच्यावर टीकाही झाली. मला ती टीका पटत नाही. राष्ट्रीय संघात त्याच्याभोवती लावेत्सी आणि कावानी नव्हते. तिथे चेंडू मिळवणं, तो पुढे नेणं आणि शेवटचा पास देणं ही तिन्ही कामं त्यालाच करावी लागत. धाव घ्यायची कुणाच्या पासवर? पास देणारा तोच होता. स्लोव्हाकियाकडून त्याचे गोल २६ आहेत, क्लबच्या मानाने कमी. पण १३८ सामन्यांत त्याने जे ओझं वाहिलं ते गोलांच्या रकान्यात मावत नाही. तरीही सामने आणि गोल हे दोन्ही राष्ट्रीय उच्चांक त्याच्याच नावावर आहेत. आधी हे उच्चांक अनुक्रमे कारहान आणि व्हिटेक यांचे होते.

नापोलीत २०१३ मध्ये राफाएल बेनितेझ आले आणि खेळाची घडी बदलली. कावानी पॅरिसला गेला, त्याच्या जागी गोन्सालो इग्वाइन आला. हाम्शिक आता आघाडीवीराच्या बरोबर मागे, दहा नंबरच्या जागी. पहिल्या दोन सामन्यांत त्याने चार गोल केले तेव्हा वाटलं, जमलं. पण पायाच्या दुखापतीने मोसम तुटला आणि हळूहळू खरी अडचण समोर आली. या जागेवरचा खेळाडू गोलकडे पाठ करून चेंडू घेतो. अंगाला खेटून उभा असलेला मिडफिल्डर, मागे दोन बचावपटू. वळायलाच जागा नाही. हाम्शिकची सगळी ताकद गोलकडे तोंड करून धावण्यात होती. जो माणूस मागून येऊन धोका निर्माण करायचा, त्याला तुम्ही आधीच पुढे नेऊन उभं केलंत तर तो येणार कुठून? २०१४ मध्ये पुन्हा कोप्पा इटालिया मिळाला, वर्षअखेरीला दोहामध्ये पेनल्टी शूटआउटवर युव्हेंटसकडून सुपरकपही घेतला. पाओलो कान्नाव्हारो गेल्यानंतर कर्णधारपद हाम्शिककडे आलं होतं, त्यामुळे चषक उंचावणारे हात त्याचेच होते. पण त्याच काळात वेळ संपायच्या आधीच त्याला बाहेर बोलावलं जाताना नेपल्सने वारंवार पाहिलं. हा खेळाडू उताराला लागला, असं म्हणणारेही होते.

२०१५ मध्ये मौरित्सिओ सारी आले. हे कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेले नाहीत. बँकेतली नोकरी सोडून पूर्णवेळ प्रशिक्षक झालेले. त्यांनी पहिल्या काही सामन्यांनंतर संघ ४-३-३ वर, म्हणजे चार बचावपटू, तीन मिडफिल्डर आणि तीन आघाडीवीर अशा रचनेवर, आणला आणि हाम्शिकला जिथून तो सुरू झाला होता तिथेच परत नेलं: तिघांच्या मधल्या फळीत डावीकडे. त्यानंतरची तीन वर्षं नापोली जे खेळला, ते युरोपातल्या सगळ्यात सुंदर फुटबॉलपैकी होतं, असं मी बेधडक म्हणेन. आणि त्याचं यंत्र डाव्या बाजूला होतं.

ते कसं चालायचं, हे एकदा नीट पाहू. मागून कालिदू कुलिबाली किंवा झोर्जिन्यो चेंडू डावीकडे द्यायचा. डाव्या कडेला लोरेन्त्सो इन्सिन्ये उभा. त्याच्या बाहेरून बचावपटू फाउत्सी गुलाम जिवाच्या आकांताने पुढे पळायचा. प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या बचावपटूपुढे प्रश्न: इन्सिन्येला धरू की गुलामला? इन्सिन्ये चेंडू घ्यायला दोन पावलं खाली यायचा, तो बचावपटू त्याच्याबरोबर ओढला जायचा, आणि त्याच्या व शेजारच्या बचावपटूच्या मध्ये एक फट पडायची. हाम्शिक याच फटीसाठी थांबलेला असायचा. तो धावला की झोर्जिन्यो एका स्पर्शात चेंडू तिथे सोडायचा. आता हाम्शिकला अडवायला मधला बचावपटू बाहेर आला तर गोलसमोर द्रीस मेर्टेन्स मोकळा. नाही आला तर हाम्शिक स्वतः गोलकडे. आणि सगळे डावीकडे झुकले की इन्सिन्ये उंच चेंडू पलीकडच्या खांबापाशी टाकायचा, जिथे होसे कायेहोन पळत आलेला असायचा. दर आठवड्याला सगळ्या संघांना हे ठाऊक असायचं आणि तरी ते थांबवता यायचं नाही, कारण प्रत्येक चालीत निर्णय बचावपटूला घ्यावा लागायचा आणि नापोली त्याच्या निर्णयाची वाट पाहायचा. २०१६ मध्ये इग्वाइन युव्हेंटसला गेला तरी हे यंत्र थांबलं नाही. त्या मोसमात हाम्शिकने साखळीत १२ गोल केले. बोलोन्याला ७-१ हरवलं तेव्हा त्याची आणि मेर्टेन्सची अशा दोन हॅटट्रिक एकाच सामन्यात झाल्या. चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदने दोन्ही लढती जिंकल्या, पण दोन्हींत नापोलीने केलेल्या एकेका गोलाचा पास हाम्शिकचाच होता.

२०१७-१८ हा कळसाचा मोसम. नापोलीने ९१ गुण मिळवले. एप्रिलमध्ये तुरिनला कुलिबालीने अगदी शेवटी डोक्याने गोल करून युव्हेंटसला त्यांच्या घरी हरवलं, तेव्हा मध्यरात्रीनंतर नेपल्स विमानतळावर हजारो लोक संघाच्या स्वागताला उभे होते. युव्हेंटस ९५ गुणांवर संपला. ९१ गुण घेऊन दुसरं! त्या दशकात युव्हेंटसने ओळीने नऊ विजेतेपदं मिळवली आणि हाम्शिकची उमेदीची वर्षं नेमकी त्यांच्यात सापडली. उत्तरेतल्या बड्या क्लबांनी त्याला हेरलं होतं, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. तो गेला असता तर विजेतेपदाची पदकं मिळाली असती. तो राहिला. नेपल्समध्ये त्याचं घरही रुजलं होतं. त्याच्या बहिणीने नापोलीचाच उरुग्वेयन मिडफिल्डर वाल्तेर गार्गानो याच्याशी लग्न केलं होतं.

त्याच मोसमात मॅराडोनाचा उच्चांक मोडला गेला. नापोलीसाठी ११५ गोल, १९९१ पासून अबाधित. १६ डिसेंबर २०१७ ला तोरिनोविरुद्ध हाम्शिकने तो गाठला आणि आठवडाभराने, २३ डिसेंबरला, साम्प्दोरियाविरुद्ध ओलांडला. दहा वर्षांपूर्वी पहिला गोल ज्यांच्यावर केला होता तोच हा संघ. मॅराडोनाने सात मोसमांत जे केलं त्याला हाम्शिकला अकरावा मोसम लागला, आणि दोघांची तुलना करण्याचा प्रश्नच येत नाही. नेपल्समधलं कुणी ती करतही नाही. पण ज्या शहरात मॅराडोनाच्या तसबिरीला हार घातले जातात, तिथे त्याच्या नावावरचा आकडा एका परक्या, मितभाषी मुलाने ओलांडला आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं. दहा वर्षांत दर आठवड्याला साचत आलेला विश्वास होता तो. पुढे २०२० मध्ये मेर्टेन्सने हाही उच्चांक मागे टाकला. क्लबसाठी ५२० सामन्यांचा उच्चांक मात्र हाम्शिककडेच आहे.

२०१८ मध्ये सारी आणि झोर्जिन्यो चेल्सीला गेले. नवे प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्ती यांनी एकतीस वर्षांच्या हाम्शिकला सगळ्यात मागे, झोर्जिन्योच्या जागी आणून बघितलं. लांब पास टाकायची नजर त्याच्याकडे होतीच. पण या जागेवरच्या माणसाने बचावाची भिंत सोडून जायचं नसतं, आणि धाव तर हाम्शिकच्या खेळाचा प्राण. काही महिने गेले. २०१९ च्या फेब्रुवारीत तो चीनमधल्या दालियानला गेला. नापोलीला त्याच्यासाठी मोठी रक्कम मिळाली. काही महिन्यांत तिथे प्रशिक्षक म्हणून बेनितेझ येऊन पोचले. चीनमधल्या त्या दोन वर्षांत सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. २०२१ च्या वसंतात तो स्वीडनच्या गोथेनबर्ग क्लबकडून मोजकेच सामने खेळला, ते मुख्यतः युरो स्पर्धेआधी अंगात सामन्यांची सवय राहावी म्हणून. स्पर्धेत पोलंडवर २-१ असा विजय मिळाला, पुढे स्पेनने पाच गोल चढवले.

त्यानंतर काळ्या समुद्राकाठच्या त्राब्झोनस्पोरने त्याला बोलावलं. या तुर्की क्लबची गोष्ट नेपल्सच्या जवळची: इस्तंबूलच्या तीन धनाढ्य क्लबांसमोर उभं ठाकलेलं दूरचं, हट्टी शहर, आणि १९८४ नंतर साखळीचं विजेतेपद नाही. अब्दुल्ला अवजी यांच्या संघात हाम्शिक मधल्या फळीत पुन्हा उजव्या-डाव्या बाजूंना जोडणारं काम करू लागला. धावा कमी झाल्या होत्या, पण चेंडू कधी थांबवायचा आणि कधी सोडायचा हे कळणारा माणूस संघात होता. २०२२ च्या एप्रिलअखेर त्राब्झोनस्पोर विजेता झाला, ३८ वर्षांनी. चौतिसाव्या वर्षी हाम्शिकला त्याच्या आयुष्यातलं पहिलं साखळी विजेतेपद मिळालं.

२०२२ च्या नोव्हेंबरात ब्रातिस्लाव्हाला चिलीविरुद्ध खेळून त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात खेळातूनच निवृत्ती जाहीर केली. पण जूनमध्ये युरोच्या पात्रता फेरीसाठी मधल्या फळीत माणसं कमी पडली, तेव्हा बोलावणं आलं आणि तो आइसलँड व लिख्टेनश्टाइनविरुद्ध खेळायला परत उभा राहिला. दोन्ही सामने स्लोव्हाकियाने जिंकले. देशातला वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू हा मान तोवर त्याला आठ वेळा मिळाला होता. आजवर दुसऱ्या कुणाला इतक्यांदा मिळालेला नाही.

स्लोव्हाकियाला तेव्हा प्रशिक्षक होते फ्रान्चेस्को काल्झोना. नापोलीत ते सारींचे सहायक होते, आणि २०२२ मध्ये स्लोव्हाक संघटनेला त्यांचं नाव सुचवणारा हाम्शिकच. निवृत्तीनंतर तोही त्यांच्या प्रशिक्षकांच्या चमूत गेला. संघ ४-३-३ खेळू लागला, मागून छोट्या पासांनी खेळ उभा करू लागला. मधोमध स्तानिस्लाव्ह लोबोत्का होता: त्रेन्चीनचा, हाम्शिकहून सात वर्षांनी लहान, २०२० पासून नापोलीत, आणि २०२३ च्या मे महिन्यात नापोलीने ३३ वर्षांनी मिळवलेल्या विजेतेपदाचा एक मोठा शिल्पकार. जे हाम्शिकला ९१ गुणांनीही मिळालं नाही ते त्याच्या देशबांधवाला मिळालं. २०२४ च्या युरोत या संघाने बेल्जियमला १-० हरवलं, आणि बाद फेरीत इंग्लंडविरुद्ध २५ व्या मिनिटापासून थेट ९५ व्या मिनिटापर्यंत तो पुढे होता. मग ज्यूड बेलिंगहॅमने हवेत उलटं होऊन गोल केला आणि जादा वेळेत हॅरी केनने सामना इंग्लंडकडे नेला. बान्स्का बिस्त्रित्साच्या ज्या पोद्लाव्हित्से भागात हाम्शिक पहिल्यांदा खेळला, तिथला मुलांचा क्लब आता त्याच्याच नावाने चालतो.